फुटलेला पेपर

३ फेब्रुवारी

धाकटे,

अण्णा एकदा म्हणाले होते, "मोठीला काही विचारायची गरजच नाही. हिच्या तोंडावर पेपर आधीच फुटलेला असतो." तू विसरली नसशील. भिंतीवरचं घड्याळ तू फोडलं होतंस, मी नुसती दारात उभी होते, आणि माझ्या तोंडाकडे एकदा बघून त्यांनी सरळ जाऊन तुझा कान धरला होता.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलंय. दातांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काम करतेय, पण आमचे डॉक्टर मला अजूनही सकाळी आल्याआल्या मास्क लावायला सांगतात, आणि ते काही जंतूंसाठी नाही. खुर्चीतला माणूस आ करून माझ्याकडेच बघत असतो ना. डॉक्टर आत आरसा घालतात, माझं तोंड पडतं, आणि त्या माणसाला कळतं, दाढ गेली.

पण आता ऐक. अण्णा असते तर त्यांना शब्द मागे घ्यावे लागले असते. मी घरात परीक्षाकेंद्र काढलंय आणि मी तिथली पर्यवेक्षक आहे!

भिंगरीला जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज हवंय, तुझ्या गावातलं, हे तुला माहीत आहेच. प्रवेशपरीक्षा मेच्या सुरुवातीला. एका प्रश्नाला चार पर्याय, बरोबर पर्यायाचा गोळा पेनाने काळा करायचा, आणि एकदा काळा केला की तो काळाच. तर मी घरी सरावपेपर घेतला की ती दोनशेपैकी एकशे ऐंशीच्या वर असते. क्लासवाले दर पंधरा दिवसांनी घेतात, त्यात एकशे वीससुद्धा पार होत नाहीत. पोरगी तीच, पुस्तक तेच. म्हटलं, फरक जागेचा असणार. तिला हॉलची सवय नाही.

म्हणून मी हॉलच घरी आणला. जेवणाच्या टेबलाच्या पायाखालची कागदाची घडी काढून टाकली, म्हणजे ते डुगडुगतं. पंखा कुरकुरतो, तो ह्यांना दुरुस्त करू दिला नाही. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, कुरकुर ऐकून ह्यांचा जीव वर-खाली होत होता, पण मी म्हटलं, आवाज हवाच. मग ह्यांना दारावर उभं केलं.

"ओळखपत्र?"

"बाबा, मी आहे."

"इथे कोणी कोणाचा बाबा नाही. ओळखपत्र."

"ते कपाटात आहे, आणि कपाटाला तुम्ही टेकलायत."

ह्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तपासणी पूर्ण. आत सोडा." मग कुठल्याशा इमारतीत कुणी लिफ्टमध्ये अडकलं म्हणून ह्यांना फोन आला आणि केंद्राचा निम्मा कर्मचारीवर्ग पिशवी उचलून निघून गेला. मी मात्र जागची हलले नाही. तीन तास भिंगरीच्या समोर, मांडीवर उत्तरतालिका, तोंडातून चकार शब्द नाही. गुण एकशे ब्याऐंशी! आणि त्याच रविवारी क्लासात एकशे सोळा.

तू गाडी चालवायला शिकवतेस, एवढ्या लोकांना परीक्षेला बसवलंस. म्हणून तुलाच विचारते. सरावात धावणारं माणूस परीक्षेत का लंगडतं? फोनवर विचारलं असतं, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर एकाशी बोललं की घरातल्या सगळ्यांशी बोलणं होतं.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. घड्याळ मी फोडलं नाही. ते पडलं, आणि मी त्याच्या खाली होते.

आता तुझा प्रश्न. सरावाची गाडी आणि परीक्षेची गाडी दिसायला सारख्याच. फरक एवढाच, की सरावाच्या गाडीत माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो. माझ्याकडे बँकेतले एक साहेब शिकायला यायचे. काय चालवायचे! वळण घ्यावं तर त्यांनी. सायकलवाला आडवा आला तर माझ्याआधी त्यांचा पाय ब्रेकवर. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की असा विद्यार्थी पुन्हा होणे नाही. परीक्षेच्या दिवशी शेजारी अधिकारी बसले. साहेबांनी प्रत्येक वळणावर गाडी उभी केली आणि अधिकाऱ्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिले. चौथ्या वळणाला अधिकाऱ्यांनी दोन्ही गुडघे आवळून घेतले आणि साहेबांना नापास केलं.

मला फार उशिरा उमगलं. ब्रेक मारायच्या आधी माझा गुडघा जरासा उचलतो. ते कधी रस्ता बघतच नव्हते, माझा गुडघा बघत होते. तेव्हापासून मी शिकवताना मांडीवर पिशवी ठेवते आणि मोठा काळा चष्मा लावते. लोकांना वाटतं मी ऐट करते.

मला एवढंच सांग. तीन तास तू तिच्या समोर बसतेस, उत्तरं मांडीवर असतात, तोंडातून शब्द नाही, हे सगळं कळलं. पण ताई, ते तोंड कुठे असतं?

भावोजींना सांग, अडकलेला माणूस सुटला असेल तर पंखा दुरुस्त करा.

धाकटी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

कळलं मला तुला काय म्हणायचंय. मी माझ्याच पोरीला पेपर फोडून देते, असंच ना? साधी चौकशी केली, तर तू मला तुझ्या त्या उचलणाऱ्या गुडघ्याशी नेऊन बसवलंस.

मी दगडासारखी बसते. ह्यांना साक्षीला बोलावलं. "मी बसते ना दगडासारखी?" हे म्हणाले, "अगदी दगड. फक्त हा दगड दर प्रश्नाला कूस बदलतो." त्यांच्याशीही मी दोन दिवस बोललेले नाही.

मुलगी हुशार आहे, क्लासचे पेपर भिकार आहेत. विषय संपला.

ताई

ता. क. पिशवी कसली ठेवतेस मांडीवर? जाड कापडाची की कशाची?


२४ फेब्रुवारी

मावशी,

आई तुझ्यावर चिडलीये. तू काय लिहिलंस ते तिने सांगितलं नाही, पण पत्र वाचताना मी समोर होते, त्यामुळे साधारण सगळं कळलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी तिच्या तोंडावरूनच लिहिते. शपथेवर सांगते, मुद्दाम सुरू केलं नव्हतं. पेन चुकीच्या गोळ्याकडे गेलं की तिच्या डाव्या भुवईला ठेच लागते. बरोबर गोळ्यावर आलं की ती बसमध्ये जागा मिळाल्यासारखा श्वास सोडते. दोन पर्यायांत अडकले तर ती बाहीचं बटण पिरगाळायला लागते, आणि फारच वेळ लागला तर तिचे ओठ हलतात. ती 'ब' म्हणते गं, बिनआवाजाचा! तिला पत्ताच नसतो. पेपर संपला की म्हणते, "बघ, मी पापणीसुद्धा हलवली नाही."

आधी मला वाटायचं मी खरंच हुशार झाले. मग क्लासात पेपर आला. एका प्रश्नाचं उत्तर ठरवलं आणि सवयीने वर बघितलं. समोर आमचे टक्कल असलेले सर. त्यांच्या तोंडावर काहीच नाही. मी घाबरून दुसरा पर्याय धरला, पुन्हा वर बघितलं. तरी काही नाही. शेवटी तेच म्हणाले, "बाळ, माझ्या डोक्यावर काही लिहिलंय का?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण परवा एका सरावपेपराच्या शेवटी कोरा अर्ज छापलेला होता, पसंतीचं कॉलेज लिहा म्हणून. मी तुझ्या गावातलं लिहिलं आणि वर बघितलं. भुवई हलली नाही. श्वासही सुटला नाही. तिचं तोंड एकदम बंद झालं, दुकानाचं शटर खाली ओढावं तसं. मग म्हणाली, "छान आहे हं कॉलेज. झाडं आहेत म्हणे तिकडे."

मावशी, मी जावं असं तिला वाटत नाहीये. आणि तिचं हे तिला स्वतःलाही माहीत नाहीये. घरभर डुगडुगती टेबलं मांडतेय, बाबांना दारावर उभं करतेय, मला पास करण्यासाठी जिवाचं रान करतेय, आणि तोंड म्हणतंय, नको. दोनशे प्रश्नांची उत्तरं मी तिच्या तोंडावरून लिहिली. मग या एकाचंही तिथूनच लिहायचं का?

तिला यातलं काही सांगू नकोस. सांगितलंस तर ती चेहरा लपवायला जाईल, आणि ते तर आणखीच भयंकर दिसतं.

तुझी भिंगरी


२ मार्च

भिंगरे,

बरं, नाही सांगत. तिच्या बाहीच्या बटणाची मात्र काळजी वाटते.

तुझ्या आईच्या तोंडावर 'नको' आहे, हे तू बरोबर वाचलंस. पण अर्ध्यावरच उठलीस. चारांतला एकच पर्याय बरोबर असतो, हे फक्त तुमच्या त्या परीक्षेत. बाहेर एकाच प्रश्नाचे दोन-दोन गोळे काळे होतात आणि कोणी गुण कापत नाही. तू जावंस हे तिला नको आहे. आणि तू त्याच कॉलेजात जावंस हेही तिला हवं आहे. दोन्ही खरं. एखादीने निवड करायला नकार दिला म्हणून ती काही नापास होत नाही.

मात्र परीक्षेत समोर जो कोणी बसेल त्याच्या भुवईला तुझी काही पडलेली नसेल. त्याची सवय आत्तापासून कर. पेपर लिहिताना मान वर करायची नाही. माझ्याकडच्या पोरांना मी हेच सांगते: समोर बघा, माझ्याकडे काय रस्ता आहे का?

मावशी


२० मार्च

धाकटे,

हे पत्र मी दवाखान्यात बसून लिहितेय. मास्क लावून.

मागच्या आठवड्यात मला जोराची सर्दी झाली. तरी पेपर ठरला होता तो घेतला; केंद्र बंद ठेवून कसं चालेल? तीन तासांत मी बऱ्याचदा शिंकले. नंतर तपासायला घेतलं तर कित्येक प्रश्नांना दोन-दोन गोळे काळे. "हे काय गं?" भिंगरीने आधी कुठला काळा केला होता ते बोटाने दाखवलं. मी उत्तरतालिका लावून बसले, आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी पहिला गोळा बरोबर होता. तिने बरोबर उत्तर लिहिलं होतं, मी शिंकले होते, आणि तिने ते बदललं होतं.

माझ्या शिंकेपायी पोरीने बरोबरचं चूक केलं, धाकटे! तुझं ते साहेबांचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तू बरोबर होतीस, हे मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा हा कागद जपून ठेव.

मग मी उपाय सुरू केले. पहिल्या दिवशी मास्क लावला. भिंगरी म्हणाली, "आई, भुवया राहिल्या." दुसऱ्या दिवशी ह्यांची कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढली. तर म्हणे बटणाचा आवाज येतोय. बिनबटणांचा स्वेटर चढवला, हातमोजे घातले. हे कामावरून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "केंद्रावर दरोडा पडलाय का?" तेवढ्याने भिंगरी हसत सुटली आणि तो पेपर बाद झाला. गुण घसरत घसरत क्लासाएवढे झालेत.

आता राहिले डोळे. म्हणून विनंती आहे. तुझा तो काळा चष्मा परीक्षेपर्यंत मला पाठव. मी तो फोडणार नाही. मी कधीच काही फोडलं नाही, हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.

ताई


२७ मार्च

ताई,

कागद लोखंडी कपाटात ठेवला आहे.

चष्मा मिळणार नाही. एक तर तो माझ्या पोटापाण्याचा आहे. आणि दुसरं म्हणजे त्याचा तुला काही उपयोग नाही. तुझं तोंड डोळ्यांत नाही गं, ते अंगभर आहे. तुला झाकायला चष्मा नाही, तंबू लागेल.

मी काय करते ते सांगते. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मी गाडीतून उतरते. शिकणाऱ्याला म्हणते, जा, समोरच्या चौकाला वळसा घालून ये. मी कोपऱ्यावर उभी राहते. ती गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली की माझं काळीज तोंडाशी येतं. एक तर ते माणूस, आणि गाडीही माझीच! पण त्याशिवाय ते कधीच माझा गुडघा विसरत नाही.

तेव्हा तू खोलीतून बाहेर पड. नुसती पलीकडच्या खोलीत नको, तुझे सुस्कारे भिंतीतून येतात. पेपर दे, घड्याळ ठेव, आणि घराबाहेर जाऊन बस.

धाकटी


१८ एप्रिल

धाकटे,

जिन्यात बसते आहे. पहिल्या दिवशी वरच्या बाई थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भांडण झालं का? आत येऊन बसा हवं तर." म्हटलं, नाही हो, परीक्षा चाललीये. त्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी ह्यांना बाजूला घेऊन समजावलं, की बाईमाणसाला असं घराबाहेर काढू नये.

पहिला पेपर एकशे चार. मी तोंड फिरवून तपासला. मग एकशे एकवीस. काल एकशे अठ्ठेचाळीस. तिचे स्वतःचे, माझ्या एकाही भुवईशिवाय.

जिन्यात काही काम नसतं गं. दगडी पायरी, बंद दार, आणि आत ती. कधी पाय ओढल्याचा आवाज येतो, कधी तोही नाही. मी आपली दाराकडे बघत असते. तिथे काहीच लिहिलेलं नसतं.

ताई


६ मे

मावशी,

झाली परीक्षा! सगळ्यात आधी तुलाच लिहितेय.

खरी परीक्षा सरावासारखी अजिबात नसते. टेबल डुगडुगत नव्हतं. मला इतकं चुकल्याचुकल्यासारखं झालं की मी खाली वाकून बघितलं, पायाखाली कोणी घडी घातलीये का. पंखा बिनआवाजाचा. दारावरच्या माणसाने ओळखपत्र मागितलं आणि मी चुकून म्हणाले, "बाबा, मी आहे." मागच्या रांगेतला मुलगा अजून हसत असेल.

समोर एक बाई बसल्या होत्या. तोंड कसं, तर पुसून ठेवलेल्या पाटीसारखं. मान वर करायची नाही हे तुझं वाक्य मी घोकून गेले होते, पण अकराव्या प्रश्नाला अडले आणि बघितलंच. काही नाही. क्लासात व्हायचं तेच सुरू झालं: हा की तो, तो की हा. मी डोळे मिटले. आणि मावशी, मला आई दिसली. कानटोपी, मास्क, हातमोजे घातलेली नव्हे, नेहमीची. मी मनात 'अ' म्हटलं, तिच्या भुवईला ठेच लागली. 'क' म्हटलं, तिने श्वास सोडला.

'क'चा गोळा काळा केला. पुढच्या प्रश्नालाही तेच. मग मधेच ध्यानात आलं, अगं, तिला यातलं ओ की ठो कळत नाही! गाईच्या पोटात किती कप्पे असतात हे तिला उत्तरतालिकेशिवाय कुठे माहीत आहे? तालिका तर इथे कुणाकडेच नाही. म्हणजे तिच्या तोंडावर जे उमटतंय ते मीच पाठवतेय. उत्तर आधीपासून माझंच असतं, फक्त तिच्या तोंडावरून फिरून आलं की मला पटतं. शिंकेच्या दिवशीही पहिला, बरोबर गोळा माझाच होता की! त्यानंतर मला भीतीच वाटली नाही. शेवटी शेवटी तर तिलाही बोलवावं लागलं नाही.

बाहेर आले तर फाटकाशी आई उभी. "कसा गेला?" असं विचारायचं नाही असं तिने ठरवलेलं असणार, कारण ती म्हणाली, "ऊन फार आहे ना?"

मी म्हटलं, "चांगला गेला. तुझ्यामुळेच गेला."

"माझ्यामुळे? मी तर जिन्यात होते."

"आई, तुझं तोंड मला तोंडपाठ आहे."

मला वाटलं ती हसेल. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पटकन दुसरीकडे बघायला लागली. घरी येईपर्यंत माझ्या दोन पावलं पुढेच चालत राहिली. माझं काही चुकलं का गं?

त्या दुसऱ्या, कॉलेजला जाण्याच्या प्रश्नाचं विचारशील तर तू म्हणालीस तसे दोन्ही गोळे काळे केलेत. बघू, गुण कोण कापतं.

भिंगरी


२८ जून

धाकटे,

निकाल तुला भिंगरीने कळवलाच. तुझ्याकडचं कॉलेज मिळालं, पहिल्याच यादीत. ह्यांनी इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून सांगितलं. वरच्या बाईंना वाटलं आमचं भांडण मिटलं म्हणून आनंद चाललाय. त्यांनीही अभिनंदन केलं.

काल दवाखान्यात एक गृहस्थ आले होते, नुसते दात साफ करून घ्यायला. डॉक्टरांनी आरसा आत घातला, गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं आणि धाडकन उठून बसले. "काढावा लागणार का? खरं सांगा, कुठला जाणार?" डॉक्टर वैतागून माझ्याकडे वळले. मी मास्क लावायला विसरले होते. मग डॉक्टरच त्या गृहस्थांना म्हणाले, "निजा हो. तुमचं काही जात नाहीये. यांची मुलगी जातेय."

मला आत जाऊन नळ सोडून उभं राहावं लागलं.

परीक्षेच्या दिवशी भिंगरी मला एक वाक्य बोलली, ते तिने तुला लिहिलंच असेल. ऐकून मी गारच पडले. एवढे महिने मला वाटत होतं, माझ्या तोंडावर फुटतात ते फक्त त्या पुस्तकातले पेपर. पण जिला माझं तोंड पाठ आहे, तिने अधलीमधली पानं सोडून थोडीच दिली असतील? जे मी स्वतःलाही मोठ्याने म्हटलं नव्हतं, तेही तिने केव्हाच वाचलं असणार. वाचूनही ती परीक्षेला बसली, आणि पास झाली. तिचं मला कौतुकच वाटतं. मला असं काही वाचता आलं असतं, तर मी पेपर कोरा ठेवून घरी आले असते.

ती रोज काहीतरी भरते आणि मधेच माझ्याकडे बघते. मी लगेच फडकं घेऊन कुठेतरी पुसायला लागते. घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. टेबलाच्या पायाखाली ह्यांनी पुन्हा घडी घातली, तर ती म्हणाली, "राहू द्या ना बाबा, डुगडुगतं तेच बरं वाटतं." हे तसेच खाली बसून राहिले, घडी हातात घेऊन.

तर, पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने ती निघेल. तू तिकडे उतरवून घेशील, ती काळजी मला नाही. माझा प्रश्न इकडचा आहे. गाडी सुटायच्या आधी ती खिडकीत बसणार, आणि तिथून ती माझ्याकडे बघणार. शेवटचं बघून घेतात तसं, नीट. सरावपेपर नाही, मास्क नाही, जिना नाही. त्या पाच मिनिटांत तिला माझ्या तोंडावर फक्त एकच उत्तर दिसावं, दुसरं नको. तेवढंच मला जमवायचंय, आणि तेवढंच मला येत नाही.

म्हणून पुन्हा मागते. तुझा काळा चष्मा. एका सकाळपुरता. तू म्हणशील, तंबू लागेल, अंगभर तोंड आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि शिवाय, तिला तुझं तोंड बघू दे की. तू नाहीच म्हणणार आहेस, मला माहीत आहे. तरी रविवारच्या आत पोचेल असा पाठव.

तुझी ताई